मन थाऱ्यावर आणण्यासाठी सहा आठवडे

नोकरी राहील की जाईल, तपासणीचा अहवाल काय येईल, घरातल्या माणसाचं दुखणं किती लांबेल, नातं टिकेल का. उत्तर आपल्या हाती नाही आणि ते कधी मिळेल हेही ठाऊक नाही, अशा काळात जीव टांगणीला लागतो. ‘एकदाचं काय ते कळू दे’ असं माणूस म्हणतो ते उगाच नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांचा २०१६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. ४५ जणांना संगणकावर दगड दाखवून त्याखाली साप आहे का हे ओळखायला सांगितलं होतं. साप निघाला की हाताला विजेचा दुखरा झटका बसायचा. झटका नक्की बसणार हे कळलेलं असताना लोकांना जेवढा ताण आला, त्याहून जास्त ताण शक्यता निम्मी-निम्मी असताना आला. वाईट बातमीपेक्षा अधांतरी लटकणं शरीराला जड जातं.

म्हणूनच उत्तर मिळालं की मन स्थिर होईल, असं धरून बसण्यात फार दिवस वाया जातात. हातातल्या चार गोष्टी मुद्दाम पक्क्या केल्या, तर बाकीचं अधांतरी असूनही पाय जमिनीला टेकतात. त्या पक्क्या करण्याचा एक क्रम आहे: आधी शरीर, मग काळजी, मग कृती आणि सगळ्यात शेवटी नवं काहीतरी. बरेच जण नेमकी उलटी सुरुवात करतात. पहाटे उठण्याचा संकल्प, तासभर ध्यान, नवा अभ्यासक्रम, सगळं एकाच सोमवारी सुरू होतं. दहा दिवसांत ते मोडतं आणि आधीच्या ओझ्यात अपराधीपणाची भर पडते.

सुरू करण्याआधी

सामान फार लागत नाही. एक साधी वही, पेन आणि फोन सोडून दुसरं अलार्मचं घड्याळ. घड्याळ वेगळं हवं, कारण अलार्म बंद करायला फोन हातात घेतला की पहिला अर्धा तास बातम्या आणि निरोप खाऊन टाकतात.

एक तपासणी मात्र प्रामाणिकपणे करा. सलग दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास आहे, कशातच रस वाटत नाही, झोप आणि भूक पार बिघडली आहे, रोजची कामं होत नाहीत, असं असेल तर हा क्रम पुरेसा नाही. डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. हा क्रम सोबतीला चालेल, उपचारांच्या जागी चालणार नाही. जीव नकोसा वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर आजच जवळच्या माणसाला स्पष्ट शब्दांत सांगा, एकटे राहू नका आणि आपत्कालीन सेवेशी किंवा मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनशी बोला. यात वाट पाहण्यासारखं काही नाही.

पहिला आठवडा: उठण्याची वेळ, उजेड, श्वास

पहिल्या आठवड्यात उठण्याची एकच वेळ ठरवा. सुट्टीच्या दिवशीही पाळता येईल अशीच धरा, फार तर अर्धा तास पुढेमागे. झोपण्याची वेळ ठरवत बसू नका. झोप हुकमाने येत नाही, उठणं मात्र आपल्या हातात असतं, आणि रोज एकाच वेळी उठलं की आठ-दहा दिवसांत रात्रीची झोपही तिच्या वेळेवर यायला लागते.

उठल्यावर तासाभरात घराबाहेर पडा आणि वीस ते तीस मिनिटं जरा झपाझप चाला. शरीराच्या घड्याळाला सकाळचा उजेड लागतो, आणि ढगाळ दिवशीसुद्धा बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतो. चालणं आणि उजेड एकाच खेपेत होतात. चालणं शक्य नसेल तर बाहेर नुसते बसा, तेही चालतं.

चहा-कॉफी दुपारनंतर बंद. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी साधारण निम्मं पाच-सहा तासांनीही रक्तात असतं. काहींच्या बाबतीत त्याहून जास्त काळ राहतं.

रात्री डोळ्याला डोळा लागत नसेल तर अंथरुणात तळमळत पडू नका. साधारण वीस मिनिटं झाली असं वाटलं (घड्याळ बघायचं नाही, अंदाजानेच) की उठा, मंद उजेडात बसून काहीतरी कंटाळवाणं करा आणि डोळे मिटायला लागले की परत या. पहाटे तीनला जाग आली तरी हेच. अंथरूण ही काळजी करण्याची जागा आहे हे एकदा शरीर शिकलं, की पाठ टेकताच डोकं चालू होतं. इथे हमखास होणारी चूक म्हणजे वाईट रात्रीची भरपाई सकाळी करणं. दहा वाजेपर्यंत झोपलात तर पुढची रात्रही गेलीच समजा. वाईट रात्रीनंतरही ठरल्या वेळीच उठा. तो एक दिवस जड जाईल, पण घडी मोडणार नाही.

याच आठवड्यात श्वासाचा सराव सुरू करा. खुर्चीत पाय जमिनीला टेकवून बसा. नाकाने चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर, मध्ये रोखून धरायचं नाही. मिनिटाला सहा श्वास होतात. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, घेताना वाढतात. उच्छ्वास लांबवला की मंदावण्याच्या बाजूला जास्त वेळ मिळतो. सरावात खरी गोम इथे आहे: ‘दीर्घ श्वास’ म्हटलं की लोक छाती फुगवून मोठमोठे श्वास घेतात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात, आणि माणूस अधिकच घाबरतो. श्वास मोठा नको, सावकाश हवा. शेजारी बसलेल्याला ऐकू येऊ नये इतका हलका.

काही जणांची धास्ती श्वासाकडे लक्ष दिल्यावर उलट वाढते. तसं झालं तर श्वास सोडून द्या. डोळे उघडे ठेवा, तळवे जमिनीवर कसे टेकलेत ते जाणवू द्या, समोरच्या एखाद्या वस्तूच्या कडा नजरेने फिरून या. आणि कोणत्याही प्रकारे करा, पण शांत असताना शिका. ऐन घबराटीत पहिल्यांदा करून पाहणं म्हणजे बुडताना पोहायला शिकणं.

दुसरा आणि तिसरा आठवडा: काळजीला वेळ नेमून द्या

या क्रमाचा कणा हाच आहे, त्यामुळे इथे घाई करू नका.

‘विचार करू नकोस’ हा सल्ला लागू पडत नाही, त्याला कारण आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली काही जणांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं. अस्वल पुन्हा पुन्हा आलंच, आणि बंदी उठल्यावर तर आणखी जोरात आलं. दाबलेला विचार उसळतो. ‘आत्ता नाही, संध्याकाळी’ असं म्हटलं की मात्र मन बरंच ऐकतं, कारण त्याचं म्हणणं कोणी नाकारलेलं नसतं. थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली हीच पद्धत तपासली. काळजी करण्यासाठी रोज अर्धा तास ठरवून द्यायचा, आणि एरवी आलेली काळजी त्या अर्ध्या तासावर ढकलायची.

करायचं असं. रोजची एकच वेळ आणि एकच जागा ठरवा. झोपायच्या आधी किमान दोन-तीन तासांची वेळ हवी. पलंग नको, आवडती आरामखुर्चीही नको, नाहीतर त्या जागांनाच काळजी चिकटते. दिवसभरात काळजी डोकावली की वहीत तीन-चार शब्दांत टिपा आणि हातातल्या कामाकडे परत या. ठरल्या वेळी वही उघडा, अलार्म लावा आणि टिपलेल्या एकेका ओळीवर पूर्ण लक्ष देऊन काळजी करा. हो, मनापासून करायची आहे. अलार्म वाजला की वही बंद, आणि लगेच जागेवरून उठून अंग हलेल असं एखादं काम.

एका दिवसाचं पान साधारण असं दिसतं. सकाळच्या नोंदी: ‘साहेबांनी उत्तर दिलं नाही’, ‘कर्जाचा हप्ता’, ‘रिपोर्ट’, ‘सगळंच हातातून चाललंय’. संध्याकाळी प्रत्येक ओळीपुढे एक प्रश्न विचारायचा: या आठवड्यात मी स्वतः करू शकेन असं यात काही आहे का? ‘कर्जाचा हप्ता’ या ओळीला उत्तर आहे: बुधवारी अकरा वाजता बँकेत फोन करून मुदत वाढवण्याबद्दल विचारणे. ‘रिपोर्ट’ला उत्तर नाही, तो शुक्रवारी येणार. तिथे लिहायचं: ‘शुक्रवारपर्यंत माहीत नाही.’ एवढंच. हे वाक्य हाताने लिहिणं सुरुवातीला फार जड जातं, पेन थबकतं, आणि तरी ते पूर्ण लिहावं. माहीत नसलेल्या गोष्टीसोबत बसण्याचा सराव तो हाच. ‘साहेबांनी उत्तर दिलं नाही’ याला दुपारपर्यंत उत्तर आलेलंही असतं, मग ती ओळ खोडून टाकायची. आठवडाभरात अशा किती ओळी आपोआप खोडल्या गेल्या ते मोजा. तो आकडा कोणत्याही धीराच्या बोलण्यापेक्षा उपयोगी पडतो.

उरली शेवटची ओळ. ‘सगळंच हातातून चाललंय’ ही काळजी नव्हे, तो धुरळा आहे. त्याच्याखाली काय आहे ते शोधा: नेमकं काय जाईल, कधीपर्यंत, आणि गेलं हे मला कशावरून कळेल? बहुतेक वेळा दोन-तीन ठोस गोष्टी निघतात आणि त्यांच्याशी बोलता येतं.

काय चुकतं? पहिले चार-पाच दिवस अर्धा तास पुरत नाही, नंतर तो संपता संपत नाही. दोन्ही ठीक आहे. वेळ उरला तरी बसून राहा, लवकर उठू नका. दुसरी चूक जास्त नुकसान करते: टिपण लांबतं. दिवसा पानभर लिहिलंत तर ती काळजी दिवसाच झाली, संध्याकाळसाठी काही उरलं नाही. तीन-चार शब्द, बस्स.

चौकशीला लगाम

याच दोन आठवड्यांत आणखी एक सवय पकडायची आहे. अनिश्चितता वाढली की माणूस सारखं तपासत राहतो. बातम्या उघडतो, इनबॉक्स बघतो, लक्षणं शोधतो. प्रत्येक वेळी दोन मिनिटं बरं वाटतं, आणि त्या दोन मिनिटांच्या सुटकेमुळेच पुन्हा तपासण्याची ओढ पक्की होते. म्हणून पूर्ण बंदी न घालता दिवसातून दोन वेळा ठरवा, प्रत्येकी पंधरा मिनिटं, विश्वासाच्या एक-दोन ठिकाणांपुरतं. सूचना बंद. झोपायच्या खोलीत फोन नको.

याच सवयीचा एक प्रकार सहज ध्यानात येत नाही: घरच्यांना पुन्हा पुन्हा ‘होईल ना गं सगळं नीट?’ असं विचारणं. समोरचा ‘होईल रे’ म्हणतो, तासाभरात प्रश्न परत येतो, आणि काही आठवड्यांनी दोघंही थकतात. त्याऐवजी जे देता येतं ते मागा. ‘दहा मिनिटं माझ्याजवळ बस’ किंवा ‘माझ्यासोबत चालायला चल’. भविष्याची हमी कोणालाच देता येत नाही, सोबत मात्र देता येते. घरच्यांनाही हे आधी सांगून ठेवा, नाहीतर तुम्ही विचारणं थांबवल्यावर त्यांना वाटतं तुम्ही दूर गेलात.

चौथा आठवडा: पुढची एक पायरी, आणि चार दिवसांचं लेखन

वहीत आता ‘बँकेत फोन’ अशा नोंदी जमल्या असतील. त्या हातून घडाव्यात यासाठी प्रत्येकीला वेळ आणि खूण जोडा: ‘सकाळी चालून घरी आलो की चपला काढायच्या आधी फोन करीन.’ पीटर गोलविट्झर यांनी अशा ‘अमुक झालं की तमुक करीन’ पद्धतीच्या योजनांचा पुष्कळ अभ्यास केला आहे. नुसत्या इराद्यापेक्षा त्या जास्त पाळल्या जातात, कारण ऐनवेळी ठरवत बसावं लागत नाही. रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याची कामं लिहून काढा. बेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली ५७ तरुणांवर केलेल्या अभ्यासात, पुढची कामं लिहिणारे लोक झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोपी गेले. मोठे, मागे न फिरवता येणारे निर्णय या काळात शक्यतो पुढे ढकला. पण तारीख घालून ढकला, नाहीतर तेच नवं टांगणीचं कारण होतं.

आता लेखन. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली तपासलेली पद्धत साधी आहे: सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, सगळ्यात जास्त सलणाऱ्या गोष्टीबद्दल न थांबता लिहायचं. काय घडलं आणि काय वाटलं, दोन्ही. शुद्धलेखन बघायचं नाही, कोणाला दाखवायचं नाही, लिहून झाल्यावर फाडून टाकलं तरी हरकत नाही. झोपायच्या तोंडावर लिहू नका. लिहिल्यावर लगेच मन जड होतं, डोळे भरून येतात. ते अपेक्षितच आहे आणि सहसा काही तासांत ओसरतं. दुसऱ्या दिवशी सकाळीही ते ओझं तसंच असेल तर लेखन थांबवा. घाव अगदी ताजा असेल, नुकताच अपघात, मृत्यू किंवा हिंसा घडली असेल, तर हा भाग आत्ता सोडून द्या. आणि परिणामाबद्दल खरं सांगायचं तर तो मध्यम असतो, सगळ्यांना सारखा होत नाही.

चारच दिवस का? महिनाभर रोज तेच लिहिणं म्हणजे उगाळणं. फरक ओळखायचा असेल तर पहिल्या आणि चौथ्या दिवसाची पानं शेजारी ठेवून वाचा. चौथ्या दिवशी ‘कारण’, ‘म्हणून’, ‘आता लक्षात येतंय’ असे शब्द यायला लागले असतील तर गोष्ट पुढे सरकली. तीच वाक्यं, त्याच जागी असतील, तर वही मिटा आणि ते कोणा माणसाशी बोला.

पाचवा-सहावा आठवडा: नवी पालवी

इथवर आल्यावर साधारण झोप सुधारलेली असते, काळजी तिच्या वेळेत बसायला लागलेली असते. मग एक पोकळी जाणवते. काळजी करण्यात जाणारा वेळ मोकळा झाला, त्यात ठेवायचं काय? ‘उत्साह आला की करीन’ असं म्हणून थांबू नका. मन खचलेलं असताना क्रम उलटा असतो, आधी हात हलतात, मग उत्साह येतो. नैराश्यावरच्या एका पूर्ण उपचारपद्धतीचा पाया हाच आहे.

पाचव्या आठवड्यात फक्त नोंद ठेवा. दर दोन-तीन तासांनी काय केलं ते एका ओळीत लिहा आणि पुढे शून्य ते दहामधले दोन आकडे: किती आनंद वाटला, आणि हातून काही झाल्याचं समाधान किती. दोन आकडे वेगळे ठेवण्याचं कारण पानावरच दिसतं. फोनवर घालवलेल्या तासापुढे आनंद तीन, समाधान शून्य. खण आवरला त्यापुढे आनंद दोन, समाधान सात. मित्राशी बोललो त्यापुढे दोन्ही आठ, आणि असं बोलणं आठवडाभरात एकदाच झालेलं. आपल्याला कशाने बरं वाटतं याबद्दलचे आपले अंदाज किती चुकतात ते हा कागद दाखवतो. त्यावर विश्वास ठेवा.

सहाव्या आठवड्यात दोन गोष्टी निवडा. एक, दोन्ही आकडे चांगले आलेली जुनी गोष्ट, जी आठवड्यातून एकदाऐवजी तीनदा करायची. दुसरी, पूर्णपणे नवी: आठवड्यातून दोनदा, पंधरा मिनिटं, चालू संकटाशी काहीही संबंध नसलेली आणि शेवटी डोळ्यांना काहीतरी दिसेल अशी. चार ओळींचं सुलेखन, लाकडाचा एखादा तुकडा घासून गुळगुळीत करणं, नव्या लिपीतली पाच अक्षरं, कुंडीत रुजवलेलं बी. संकट वितभर पुढे सरकत नसताना दुसरीकडे काहीतरी वाढताना दिसणं, याला मोल आहे. दोन्हींपैकी एक तरी दुसऱ्या माणसासोबतची असू द्या. नवं शिकताना प्रगती मोजत बसणं टाळा, त्याची परीक्षा झाली की तीही काळजीच्या वहीत जाऊन बसते.

हे अंगवळणी पडायला किती दिवस लागतात? ‘एकवीस दिवस’ हा आकडा विसरा. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या लंडनमधल्या अभ्यासात ९६ जणांनी भाग घेतला होता. सवय लागायला लागलेल्या दिवसांचा मध्य ६६ निघाला, पण पल्ला १८ पासून २५४ पर्यंतचा होता. त्यातली दिलासा देणारी बाब अशी, की मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर म्हणावा असा परिणाम झाला नाही.

घडी मोडली तर

मोडतेच. वाईट बातमी येते, आजारपण येतं, प्रवास निघतो. अशा दिवसांसाठी छोटी आवृत्ती आत्ताच ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: ठरल्या वेळी उठणं, पाच मिनिटं बाहेरच्या उजेडात, दोन मिनिटं सावकाश श्वास, आणि एका माणसाला ‘आजचा दिवस कठीण आहे’ एवढा निरोप. साऱ्याला मिळून दहा मिनिटंही लागत नाहीत. दोन-तीन दिवस एवढ्यावरच काढले तरी चालतं.

परत सुरू करताना राहिलेलं भरून काढायचं नाही. चौथ्या आठवड्यात गाडी अडली असली तरी उठण्याच्या वेळेपासून सुरुवात करा, तीन दिवस तेवढंच पाळा आणि चौथ्या दिवशी काळजीचा अर्धा तास परत आणा. लेखन आणि आकड्यांचा कागद त्यानंतरच्या आठवड्यात.